वर्डमध्ये सुबक दिसतं, वेबसाइटवर विस्कटतं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बरीचशी एकाच दुखण्याची आहेत. मजकूर वर्डमध्ये नीट असतो, वेबसाइटच्या एडिटरमध्ये पेस्ट केला की वाट लागते. त्यामुळे या अंकातलं सदर पूर्ण याच विषयाला देतेय, बाकीची पत्रं पुढच्या अंकात घेईन.

प्रश्न : ताई, मी शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. आमच्या महिला मंडळाच्या वेबसाइटवर लेख टाकायचं काम माझ्याकडे आलंय. ठाण्याच्या पहिल्या रेल्वेवर लेख लिहिलाय, वर्डमध्ये एकदम छान दिसतो, पण कॉपी करून एडिटरमध्ये टाकला की एक परिच्छेद मोठ्या अक्षरात, दुसरा बारीक, मधे ही एवढी मोकळी जागा, आणि बाण देऊन केलेल्या यादीत बाणांच्या जागी कसलीतरी इंग्रजी अक्षरं. काल रात्री साडेअकरापर्यंत एकेक एंटर काढत बसले होते, सेव्ह केलं तर मोबाइलवर परत तसंच. माझं काय चुकतंय?
— निवृत्त शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : बाई, तुमच्या टायपिंगमध्ये काही चूक नाहीये, हे आधी सांगते. तुम्ही पाठवलेली फाइल मी उघडून बघितली, लेख सुंदर आहे, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली त्या दिवसाचं वर्णन तर दोनदा वाचलं.

आता होतं काय ते बघा. आपण वर्डमधून कॉपी करतो तेव्हा कॉम्प्युटर त्या मजकुराची एकच प्रत उचलत नाही, एकाच वेळी दोन-तीन प्रती ठेवतो. एक नुसती अक्षरांची, एक वर्डसारख्या प्रोग्रॅमना कळेल अशी, आणि एक वेबच्या भाषेत म्हणजे एचटीएमएलमध्ये लिहिलेली. जिथे पेस्ट करू तो प्रोग्रॅम त्यातली त्याला हवी ती प्रत उचलतो. वेबसाइटचा एडिटर एचटीएमएलवाली उचलतो आणि खरी गडबड त्या प्रतीत असते, कारण वर्ड त्यात परिच्छेदागणिक सगळा संसार बांधून देतं. फॉन्ट कुठला, साइज किती, रंग काय, समास किती, सगळं. तुमचा ‘गाडी सुटताना तोफांची सलामी झाली’ हा चार ओळींचा परिच्छेद मी एका एडिटरमध्ये पेस्ट केला आणि कोड व्ह्यू, म्हणजे मागचं एचटीएमएल दाखवणारी खिडकी, उघडला, तर त्या चार ओळींनी अर्धा स्क्रीन व्यापला होता. परिच्छेदाखाली ८ पॉइंट जागा, ओळीची उंची १०७ टक्के, फॉन्ट मंगल, आणि ‘एमएसओ’ने सुरू होणारे कितीतरी शब्द, जे फक्त ऑफिसच्या प्रोग्रॅमना कळतात, ब्राउझरला त्यांचा काहीच उपयोग नसतो.

अक्षरं लहानमोठी का होतात तर वर्ड देवनागरीचा साइज आणि इंग्रजीचा साइज वेगवेगळा धरून ठेवतं. फॉन्टची खिडकी उघडलीत तर दोन रकाने दिसतील, एक लॅटिनचा आणि एक ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’चा, आपलं मराठी त्या दुसऱ्या रकान्यात येतं. ब्राउझरला असा भेदच माहीत नाही, त्यामुळे वर्डमध्ये सारखे दिसणारे दोन परिच्छेद वेबवर वेगळे दिसू शकतात. आणि बाणांचं म्हणाल तर ते बाण मुळात बाण नसतातच. विंगडिंग्ज नावाच्या फॉन्टमध्ये तिरकी रेघ मारलेला इंग्रजी ओ बाणासारखा काढलेला असतो आणि डोक्यावर दोन टिंबं असलेला यू बरोबरच्या खुणेसारखा. वेबसाइटवर तो फॉन्ट निघून गेला की खालचं खरं अक्षर उघडं पडतं.

म्हणजे आपल्याला न्यायचाय मजकूर, आणि फार तर त्याचा सांगाडा, म्हणजे मथळा कुठला, यादी कुठली, लिंक कुठली. सजावट वर्डमध्येच ठेवून यायची, कारण वेबसाइटची स्वतःची सजावट तयार असते आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्या की हे असं विस्कटतं.

छोट्या लेखाला सगळ्यात सोपं म्हणजे पेस्ट करताना कंट्रोल व्ही न दाबता कंट्रोल शिफ्ट व्ही दाबायचं. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्हीमध्ये चालतं आणि त्याने नुसती अक्षरं येतात, बाकी काही नाही. ते जमलं नाही तर मजकूर आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तिथून परत कॉपी करा आणि मग एडिटरमध्ये टाका. नोटपॅड मजकुराबरोबर वर्डचा फॉन्ट, साइज, रंग ठेवत नाही म्हणून तिथे ही सजावट धुऊन निघते. एक मात्र जपा, ती नोटपॅडची फाइल सेव्ह करणार असाल तर एन्कोडिंगच्या (म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कुठल्या पद्धतीने साठवायची त्याच्या) रकान्यात यूटीएफ-८ आहे ना बघा. जुन्या विंडोजमध्ये तिथे आपोआप ‘अँसी’ असायचं, त्यात मराठी सेव्ह झालं की प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं आणि फाइल बंद करून उघडलीत की मूळ मजकूर परत मिळत नाही. मी ठाण्यातल्या एका छोट्या साप्ताहिकात काम करत असताना एका लेखकाचा अख्खा लेख असा प्रश्नचिन्हांचा झाला होता, त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती आणि त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लिहून दिला. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो म्हणून हे एवढं ठासून सांगतेय.

पण बाई, तुमचा लेख बारा पानी आहे, त्यात उपमथळे आहेत, लिंका आहेत, नुसती अक्षरं नेलीत तर ते सगळं हाताने परत करावं लागेल. अशा वेळी वर्डमध्येच थोडी झाडलोट करून घ्यायची.

आधी होम टॅबवर उलट्या पीसारखं बटण आहे ते दाबा. सगळे एंटर, टॅब, स्पेस खुणांनी दिसायला लागतील. तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक परिच्छेदानंतर दोन-दोन, कुठे तीन एंटर आहेत. टाइपरायटरपासूनची सवय आहे ती आपली, जागा सोडायची म्हणजे एंटर मारायचा. पण वेबसाइट दोन परिच्छेदांत स्वतःच जागा सोडते, त्यात तुमचे रिकामे परिच्छेद मिळाले की ते भलंमोठं भगदाड पडतं. ते एकेक करून काढू नका. कंट्रोल एच दाबा, वरच्या रकान्यात ६ च्या आकड्यावरचं टोपीसारखं चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा पी, असं दोनदा लागोपाठ टाइप करा, खालच्या रकान्यात तेच एकदा, आणि रिप्लेस ऑल. ‘शून्य बदल’ असं येईपर्यंत दाबत राहा. रात्री साडेअकरापर्यंतचं काम अर्ध्या मिनिटात होतं. पत्ता किंवा कविता लिहिताना शिफ्ट एंटर मारलेला असेल तर त्याची खूण वाकड्या बाणाची दिसते, कवितेत तो राहू द्या, नाहीतर दोन ओळींत परिच्छेदाएवढी जागा पडेल.

मग सगळा मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल क्यू, त्याने परिच्छेदांना हाताने दिलेले समास, अंतर वगैरे जातं. कंट्रोल स्पेसने हाताने दिलेला फॉन्ट, साइज, रंग जातो, पण त्यात ठळक केलेले शब्दही साधे होतात, तेव्हा ते तुम्हाला महत्त्वाचे असतील तर आधी कुठे आहेत ते टिपून ठेवा. रंगाचं कशाला एवढं, असं वाटेल, पण मुद्दाम काळा रंग दिलेला मजकूर तसाच वेबसाइटवर गेला आणि कोणी डार्क मोडमध्ये वाचायला घेतला तर काळ्यावर काळं, काहीच दिसत नाही.

शेवटी उपमथळे. तुम्ही ते ठळक करून साइज १८ केलाय. डोळ्यांना तो मथळा दिसतो, पण वर्डच्या लेखी तो एक मोठ्या अक्षरातला साधा परिच्छेदच आहे. त्या ओळीवर जाऊन कंट्रोल अल्ट २ दाबा, ‘हेडिंग २’ लागेल. हेडिंग १ नको, कारण लेखाचं शीर्षक वेबसाइटवर वेगळ्या रकान्यात टाकतो आणि एक नंबर बहुतेक वेळा तेच घेतं. हा नुसता नीटनेटकेपणाचा प्रश्न नाहीये. ज्यांना दिसत नाही ते वाचक एनव्हीडीए सारखं स्क्रीन रीडर लावून ऐकतात, त्यात एच दाबला की एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर जाता येतं. मथळा खरा मथळा नसेल तर त्या वाचकाला बारा पानं सलग ऐकत बसावं लागतं. तुमच्या मंडळात अशा कोणी आजी असतील तर त्यांना विचारून बघा.

याद्यांना वर्डचा साधा काळा ठिपका द्या, बाण नकोत. एवढं केलंत की वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या प्रोग्रॅमच्या आताच्या ब्लॉक एडिटरमध्ये (तो २०१८ च्या डिसेंबरमध्ये आला) साधं कंट्रोल व्ही केलं तरी चालतं, तो हेडिंग, याद्या, लिंका ठेवतो आणि बाकीचा बराचसा कचरा स्वतः झाडतो. तुमची वेबसाइट कोणीतरी वेगळी बनवून दिलेली दिसतेय, तिच्या एडिटरमध्ये टीला काट मारलेलं किंवा खोडरबराचं बटण असेल. पेस्ट केल्यावर सगळं सिलेक्ट करून ते एकदा दाबा, आणि मगच सेव्ह करा.

प्रश्न : वर्डमधले फोटो वेबसाइटवर येतच नाहीत, नुसती रिकामी चौकट दिसते. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र एकदा दिसले होते!
— वाचक, खारघर

उत्तर : वर्डमधून पेस्ट केलेल्या मजकुरात फोटो नसतो, फोटो तुमच्या कॉम्प्युटरवर अमुक फोल्डरमध्ये आहे एवढा पत्ता असतो, दुसऱ्याच्या मोबाइलला तो पत्ता कसा सापडणार? फोटो वेगळे अपलोड करा. मूळ फोटो हरवले असतील तर वर्डच्या फाइलची एक कॉपी काढा, तिच्या नावातलं शेवटचं ‘डॉकएक्स’ बदलून ‘झिप’ करा आणि उघडा, आत ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’ फोल्डर आहे त्यात सगळे फोटो एका जागी मिळतात. तक्त्यांचंही लगेच सांगून टाकते, वर्ड तक्त्याची रुंदी कागदाच्या हिशोबाने पक्की करून देतं म्हणून तो मोबाइलवर बाहेर जातो. एडिटरमध्ये नवा तक्ता करून आकडे भरलेले बरे.

प्रश्न : नमस्कार. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाची जुनी स्मरणिका वेबसाइटवर चढवायची आहे. २००१ साली राम मारुती रोडच्या एका डीटीपीवाल्याकडून करून घेतली होती, त्याने सीडी दिली होती ती अजून आहे. पण वर्डमधून पेस्ट केलं की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात, एक शब्द मराठी नाही. तुम्ही मागे एकदा सांगितलं होतं तसं नोटपॅडमधूनही नेऊन बघितलं, तिथे तर अजूनच वाईट. फाइल करप्ट झाली का?
— सोसायटीचे सेक्रेटरी, वाशी, नवी मुंबई

उत्तर : काका, फाइल करप्ट नाही, टाकून देऊ नका. सीडीची आजच्या आज पेन ड्राइव्हवर आणि अजून एका ठिकाणी कॉपी करून ठेवा, मग पुढचं वाचा.

त्या काळात आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव यांचेच फॉन्ट चालायचे. त्यात फाइलमध्ये मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि फॉन्ट त्या प्रत्येक अक्षराच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द घ्या, फाइलमध्ये तो ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा असतो. ई चा म दिसतो, जे चा र, के चा काना, कॅपिटल बी चा ठ आणि एच ची दीर्घ वेलांटी. फॉन्ट लावलेला आहे तोवर मराठी, फॉन्ट काढला की उरतात ती पाच इंग्रजी अक्षरं. आणि नोटपॅड, कंट्रोल शिफ्ट व्ही यांचं कामच फॉन्ट काढणं, म्हणून तुमचं तिथे अजून बिघडलं. बाईंना वर दिलेला उपाय तुमच्या फाइलला उलटा पडतो, हे लक्षात ठेवा.

कुठलीही मराठी फाइल हातात आली की ही परीक्षा करा. दोन ओळी सिलेक्ट करून फॉन्ट एरियल करा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड आहे, म्हणजे फाइलमध्ये खरी मराठी अक्षरंच साठवलेली आहेत, बिनधास्त पुढे जा. इंग्रजी कचरा झाला तर जुना फॉन्ट आहे, आधी कन्व्हर्ट करायला, म्हणजे प्रोग्रॅमकडून युनिकोडमध्ये बदलून घ्यायला लागेल. (तिसराही एक प्रकार दिसतो, वेबसाइटवर मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए आणि येनचं चिन्ह पुन्हा पुन्हा येतं. तो फॉन्टचा दोष नाही, मजकूर बरोबर युनिकोड आहे पण पानाचं एन्कोडिंग चुकलंय. आपलं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि त्या तिन्हींची वेगवेगळी चिन्हं दिसतात. वेबसाइट बनवणाऱ्याला यूटीएफ-८ करायला सांगा, मजकुराला हात लावू नका.)

तुमच्या फाइलचा फॉन्ट कुठला ते वर्डमध्ये वरच्या रकान्यात नाव दिसतंच, ते नीट आकड्यासकट लिहून घ्या आणि त्याच फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरा. प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी असते, कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला लावला तर एका कचऱ्याचा दुसरा कचरा होतो. मजकुरात मधेमधे खरं इंग्रजी असेल, फ्लॅट नंबर, ईमेल, जाहिरातींमधली दुकानांची नावं, तर ते बाजूला काढून ठेवा, कारण कन्व्हर्टर त्यालाही मराठी करायला जातो आणि त्यातून निघतं ते कोणालाच वाचता येत नाही.

कन्व्हर्ट झाल्यावर माणसाने बसून वाचायलाच हवं, यातून सुटका नाही. पण चुका कुठे होतात ते ठरलेलं असतं. पहिली जागा पहिली वेलांटी. कृतिदेवमध्ये ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर साठवतात, डोळ्यांना दिसते तशी. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी, आपण बोलतो तसं. कन्व्हर्टरला ती उचलून पुढे न्यायची असते, आणि जोडाक्षर आलं की तो हमखास घोटाळा करतो, म्हणून ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’ असले शब्द बारकाईने बघा. दुसरी जागा रफार, तो जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या नंतर असतो आणि युनिकोडमध्ये आधी. ‘कार्य’, ‘वर्गणी’, ‘अर्पण’. स्मरणिकेत ‘वर्गणीदार’ पानोपानी असणार, तो एक शब्द बरोबर आला का बघितलं तरी अंदाज येईल. आणि लोकांची नावं मूळ छापील प्रतीसमोर ठेवून तपासा, त्यातले कितीतरी जण आता नसतील, त्यांच्या घरच्यांनी वेबसाइटवर नाव शोधलं तर ते सापडायला हवं.

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. शंभर वर्षांपूर्वी छापलेलं मराठी पुस्तक आज कोणीही उघडून वाचू शकतं, आणि २००१ सालची फाइल मात्र एक फॉन्ट नाही म्हणून वाचता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. किती मंडळांच्या, शाळांच्या स्मरणिका अशा कपाटात पडून असतील. एकदा युनिकोड करून ठेवलंत की फॉन्ट कुठलाही असो, मोबाइल कुठलाही असो, मराठी मराठीच राहते, आणि शोधताही येते.

प्रश्न : आमच्या मंडळाचा अहवाल वर्डमधून नेताना मी फॉरमॅटिंग साफ करून देणारी एक वेबसाइट वापरली. बाकी सगळं छान झालं, पण खर्चाच्या यादीत ‘आचाऱ्यांचे मानधन’ होतं त्याचं ‘आचार्यांचे मानधन’ झालं आणि सभेत त्यावरून प्रश्न विचारले गेले. एकही अक्षर मी बदललं नव्हतं हो.
— खजिनदार, ऐरोली

उत्तर : तुम्ही बदललं नाहीत, खरंय. हा आपल्या मराठीचाच खास प्रश्न आहे. आचाऱ्यांमधला तो चंद्रकोरीसारखा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात र, मग हलन्त आणि मग न दिसणारं एक जोडचिन्ह असतं, शून्य रुंदीचं. साफसफाई करणारे प्रोग्रॅम अशा न दिसणाऱ्या गोष्टी कचरा समजून काढून टाकतात, ते चिन्ह गेलं की उरतो रफार, आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. दऱ्यांचा दर्या होतो तोही असाच.

दुसऱ्या पद्धतीत मराठीसाठी ‘ऱ’ हे वेगळं अक्षरच आहे, खाली टिंब दिलेला र, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट जे दाबून येतो. त्याला हलन्त आणि य लावला की आचाऱ्यांमधला र तयार होतो, त्यात न दिसणारं काहीच नसतं त्यामुळे कोणी काही काढून टाकत नाही. जुन्या मजकुरात बदलायचं असेल तर फाइंड-रिप्लेस करताना शब्द टाइप करू नका, मजकुरातलाच कॉपी करून वरच्या रकान्यात टाका, खाली नवीन पद्धतीने टाइप केलेला टाका. आणि पेस्ट झाल्यावर अहवालात आचारी, कामकरी, शेतकरी, कर्मचारी, अधिकारी यांची ‘शेतकऱ्यांचे’, ‘अधिकाऱ्यांना’ अशी रूपं शोधून एकदा डोळ्यांखालून घाला, तिथेच हे सापडतं.

प्रश्न : माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, ट्रेनमध्ये मोबाइलवरच लिहिते आणि मोबाइलवरूनच टाकते. मला यातलं काय करता येईल?
— ठाणे-वाशी लोकलने रोज जाणारी वाचक, कळवा

उत्तर : बरंच काही. अँड्रॉइडवर एडिटरमध्ये बोट दाबून धरलंस की ‘पेस्ट’च्या शेजारी ‘पेस्ट ॲज प्लेन टेक्स्ट’ येतं, कधी तीन टिंबांच्या आत असतं, तेच वापर. तो पर्याय दिसला नाही तर जो ॲप फॉन्ट, रंग काही ठेवत नाही अशा साध्या नोट्सच्या ॲपमधून मजकूर फिरवून आण. मथळे आणि लिंका एडिटरमध्येच दे, मोबाइलवर वर्डमधून नेण्यापेक्षा ते लवकर होतं. आणि लेखाची एक प्रत स्वतःलाच ईमेल करत जा, कारण एडिटर उघडा असताना रेंज गेली आणि पान रिफ्रेश झालं तर पेस्ट केलेलं सगळं जातं.